नाव नसलेला ‘राक्षस’

महोदय,

‘फ्रँकेन्स्टाईन’ हे राक्षसाचं नाव, असं अजूनही सर्रास छापून येतं. ते त्याच्या निर्मात्याचं, व्हिक्टरचं, आडनाव आहे. निर्मितीला मेरी शेलीच्या कादंबरीत अखेरपर्यंत नावच मिळत नाही, आणि सगळं दुखणं तिथंच आहे.

व्हिक्टर जवळजवळ दोन वर्षं खपतो. बारीक अवयव जोडताना काम रेंगाळतं, म्हणून तो देहच आठ फुटी करायचं ठरवतो. घाई अशी नडते. नोव्हेंबरच्या रात्री तो देह पिवळसर डोळा उघडतो आणि व्हिक्टर खोलीतून पळ काढतो. आमच्या मते खरा अपराध प्रयोगात नाही, या पळण्यात आहे. पुढे आंधळा म्हातारा त्या जिवाशी मायेनं बोलतो. म्हाताऱ्याचा डोळस मुलगा आत येतो आणि त्याच जिवाला काठीनं झोडपतो!

अनुवादकांना कळकळीची विनंती : अनुवादाची मूळ प्रत १८१८ च्या पहिल्या आवृत्तीची की १८३१ च्या सुधारित आवृत्तीची, हे प्रस्तावनेत लिहाच. पहिल्या आवृत्तीत व्हिक्टरची वाग्दत्त वधू एलिझाबेथ त्याची आतेबहीण आहे, १८३१ च्या आवृत्तीत सांभाळायला आणलेली अनाथ मुलगी. शिवाय १८३१ च्या आवृत्तीत दैवाचा हात जास्त दिसतो, त्यामुळे व्हिक्टरची जबाबदारी सौम्य होते. दोन्हींची सरमिसळ केली की त्याचा दोष नेमका किती, हेच वाचकाला कळेनासं होतं.

— काही वाचक