वास्तुशांतीच्या सजावटीतील थर्माकोल

महोदय,

वास्तुशांतीला नव्या घराच्या दारावर आंब्याच्या पानांचे व झेंडूचे तोरण बांधण्याची, उंबरठ्यापुढे रांगोळी घालण्याची पद्धत आपल्याकडे टिकून आहे. मात्र आत शिरताच थर्माकोलची नक्षी, प्लास्टिकची फुले आणि चकचकीत झालरी दिसतात. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने सजावटीसाठी प्लास्टिक व थर्माकोल वापरण्यास मनाई केली, याचे स्मरण सजावट करून देणाऱ्या व्यावसायिकांना (आणि खरे तर यजमानांनाही) राहिलेले दिसत नाही. झेंडूच्या माळांचे खत होते, थर्माकोल मात्र वर्षानुवर्षे कुजत नाही. गृहनिर्माण संस्थांनी नव्या सदस्यांना हा नियम समारंभापूर्वीच लेखी कळवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक