पक्षी पाहताना तारीखही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाबाळांकडे इंग्लंडला जाऊन आलेल्या वाचकांची तिथल्या पक्ष्यांवरची, फुलांवरची पत्रे वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळतात. वर्णने सुरेख असतात. पण शेवटी एक वाक्य हमखास येते, की तिकडे ऋतू डोळ्यांना दिसतात, आपल्याकडे काय, उन्हाळा आणि पावसाळा. बेळगाव-खानापूरच्या शिवारात राहणाऱ्यांनी हे मान्य करू नये. आपले ऋतूही तितकेच नेमके येतात, फक्त त्यांच्या तारखा आपण लिहून ठेवत नाही. इंग्लंडकडून घ्यायची असेल तर ती लिहिण्याची सवय घ्यावी. त्यांचा वसंत इकडे शोधत बसू नये.

नॉरफोक परगण्यातले जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली वसंताच्या खुणांची वही सुरू केली. स्नोड्रॉप कधी फुलले, ओकला पालवी कधी फुटली, पहिली भिंगरी कोणत्या दिवशी दिसली, कुकू कधी बोलला, बेडूक कधी ओरडले, अशा २७ खुणा आणि प्रत्येकीपुढे तारीख. त्यांच्यामागे घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ही नोंद १९५८ पर्यंत चालवली. उष्ण वर्षी ओक किती दिवस आधी पालवतो, हे आज शास्त्रज्ञ त्या नोंदींवरून मोजतात. हे काम झाले ते दुर्बिणीमुळे नव्हे, जागा आणि खुणा बदलल्या नाहीत म्हणून.

त्यांचे वेळापत्रक मात्र आपल्याला लागू पडत नाही आणि त्याचे कारण सूर्य आहे. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो, डिसेंबरात आठ तासांचाही भरत नाही. बेळगावात हाच फरक जेमतेम दोन तासांचा आहे. त्यामुळे तिकडे दिवस वाढू लागला की सगळे धावत सुटते. मार्चच्या मध्याला चिफचॅफ, एप्रिलमध्ये भिंगऱ्या आणि कुकू, मेच्या सुरुवातीला स्विफ्ट, म्हणजे पाकोळी. हे बहुतेक आफ्रिकेतून घरटी करायला येतात, म्हणून गात येतात. एप्रिलअखेर ते मे या काळात पहाटे झाडाझाडांवरून जो गलबला उठतो, तो याच घाईचा. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे पाहुणे उत्तरेकडून, मध्य आशियातून, हिमालयातून येतात ते पोटासाठी. त्यांचे रंग मळके, आवाज तुटक. आणि आपले रहिवासी पक्षी घरट्यांचा काळ पावसाच्या हिशेबाने ठरवतात. तो पाऊसही एकाच जिल्ह्यात कणकुंबीला वेगळा, बेळगावला वेगळा आणि अथणीला अगदीच वेगळा. म्हणून नोंदीत गावाचे नाव हवेच. नुसते 'बेळगाव जिल्हा' लिहिले तर त्या नोंदीचा उपयोग होत नाही.

नावांचाही घोळ होतो. इंग्लंडचा रॉबिन म्हणजे आपला चीरक किंवा दयाळ नव्हे. तो भर हिवाळ्यातही गातो, तर आपला दयाळ गायला लागतो साधारण मार्चपासून. कुकूला पत्रांतून सर्रास 'कोकीळ' म्हटले जाते, तेही बरोबर नाही. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. तिकडची कुकू मेडो पिपिट, डनॉक, रीड वॉर्बलर अशा चिमुकल्या पक्ष्यांच्या घरट्यांत घालते. जोडीच लावायची असेल तर कुकूशेजारी पावशा ठेवावा. दोघेही ऋतूचे भालदार मानले जातात आणि दोघेही परक्या घरट्यावर जगतात. पावशाची अंडी सातभाईंच्या घरट्यात असतात. 'पेरते व्हा' ही हाक मृगाची वर्दी मानली जाते, पण तो मार्चपासूनच ओरडू लागतो. पहिली हाक आणि पहिला पेरणीजोगा पाऊस यांत दर वर्षी किती दिवस गेले, हे कुणी दहा वर्षे लिहिले तर त्या हाकेचा खरा अर्थ कळेल. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, या समजुतीचेही तसेच. ती खरी-खोटी ठरवण्याआधी जागा आणि तारीख टिपा.

सुरुवातीला सोपा पक्षी घ्यायचा तर धोबी. सप्टेंबरात ओढ्यानाल्यांच्या दगडांवर करडा धोबी येतो, पोट आणि शेपटीखाली पिवळा, शेपटी सतत वरखाली. पांढरा धोबी त्यानंतर येतो आणि भात कापलेल्या वाफ्यांत, मसूर-वाटाण्याच्या ओळींत हिंडतो. चूक होते ती इथे. थोरला कवड्या धोबी आपल्याकडे बारा महिने असतो आणि जुलैत तो दिसला की पाहुणे लवकर आले असे लिहिले जाते. कपाळ पाहा. थोरल्याचे कपाळ काळे आणि डोळ्यावर पांढरी भुवई, पाहुण्याचे कपाळच पांढरे. भिंगऱ्यांचा घोटाळाही असाच. तारेवर ओळीने बसलेली दिसली ती भिंगरी. पाकोळी तारेवर बसूच शकत नाही, तिचे पाय फक्त उभ्या भिंतीला लटकण्याच्या कामाचे. हिवाळ्यात येणाऱ्या माळभिंगरीचा गळा तांबूस, त्याखाली काळा पट्टा, पाठ एकरंगी निळसर काळी. लाल बुडाची भिंगरी बारमाही, तिची नोंद 'आगमन' म्हणून करू नये.

इंग्लंडात हिवाळ्याच्या संध्याकाळी स्टार्लिंगचे थवे आकाशात धुरासारखे वळतात, त्याचे कौतुक प्रत्येक पत्रात असते. तेच दृश्य आपल्या पूर्वेकडच्या ज्वारीच्या पट्ट्यात भोरड्या दाखवतात. भोरडी स्टार्लिंगच्याच कुळातली. पावसाळा सरता सरता त्या येऊ लागतात, ज्वारी दाण्यावर आली की तुटून पडतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा, पळस यांच्या फुलांवर गर्दी करतात आणि एप्रिलअखेर नाहीशा होतात. इथे आल्याची तारीख टिपणे कठीण, कारण पहिले थवे लहान असतात. गेल्याची तारीख सोपी, फक्त त्यासाठी रोज पाहावे लागते. गोकाकजवळ धुपदाळला हिवाळ्यात कांड्या करकोचे उतरतात. ते सकाळी शेतांत चरायला जातात आणि उन्हे चढली की पाण्याकाठी परततात, तेव्हा दहानंतर काठावर थांबलेले बरे.

पश्चिमेला जांबोटी-चोर्ल्याच्या ओढ्यांवर मेपासून शीळकरी कस्तूर पहाटे शीळ घालतो, माणसाने घातल्यासारखी लांब आणि आळसावलेली. मृगाच्या मागेपुढे चातक दिसतो, मृगाचा मखमली किडा जमिनीवर येतो आणि विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबू लागतात. ती विणतो नर. अर्ध्यावर, टोपीसारखा आकार झाला की थांबतो आणि मादीने पसंत केले तरच नळी पुरी करतो. म्हणून अर्धवट घरटी पाहून 'कुणीतरी पक्ष्यांना हुसकावले' असा निष्कर्ष काढू नये. पुरी किती आणि अर्धी किती, हे वेगवेगळे मोजावे.

आता वही. तारीख, गाव व नेमकी जागा, सुरू-बंद केल्याची वेळ, आभाळ-वारा-पाऊस, पक्षी, संख्या, काय करत होता, एवढे रकाने पुरेत. आपण पूर्वापार नक्षत्रांवर शेती करत आलो आणि त्यात एक फायदा दडलेला आहे. पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात, म्हणून मृग दर वर्षी ७-८ जूनला आणि हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतो. चैत्र-वैशाख चंद्रावर चालतात, वर्षाला अकरा दिवस सरकतात आणि अधिक मास आला की पुन्हा मागे येतात. 'ज्येष्ठात चातक दिसला' या दोन वर्षांच्या नोंदींत जवळजवळ महिन्याचा फरक असू शकतो. नक्षत्र लिहिले तर चालेल, पण तेही तेरा-चौदा दिवसांचे, म्हणून शेजारी इंग्रजी तारीख हवीच.

संख्येचा नियम इंग्लंडमधल्या बागेतल्या पक्षीगणनेचा घ्यावा. १९७९ पासून जानेवारीअखेर तिथे लाखो लोक तासभर बसून पक्षी मोजतात, आणि एका वेळी एकत्र दिसलेली जास्तीत जास्त संख्या लिहितात. परड्यात ७ वाजून १० मिनिटांनी चार बुलबुल आले आणि ७.४० ला दोन, तर नोंद चारची, सहाची नव्हे, कारण ते दोन आधीच्यांपैकीच असू शकतात. चालत मोजायचे तर एक किलोमीटरची पायवाट ठरवून घ्यावी, पक्षी २५ मीटरच्या आत, २५ ते १०० मीटर की त्यापलीकडे, हे वेगळे लिहावे. आत दाट उसात दोनच पक्षी दिसले आणि उघड्या माळावर वीस, याचा अर्थ उसात पक्षी कमी असाच होत नाही. तिथे नजरच पोचत नाही.

सर्वात मोलाचा शब्द 'नाही'. पहिला धोबी २१ सप्टेंबरला दिसला, पण त्याआधी त्या जागी तुम्ही कधी गेला होता? १४ तारखेला जाऊन 'नाही' लिहिले असेल तर तो आठवड्याच्या आत आला हे सिद्ध होते. ऑगस्टनंतर गेलाच नसाल तर २१ ही तारीख तुमच्या सवडीची झाली, पक्ष्याची नव्हे. एकटा-दुकटा पक्षी चुकून लवकर येतो, म्हणून 'पहिला दिसला' आणि 'सगळीकडे दिसू लागला' अशा दोन तारखा ठेवाव्यात.

'ऐकला' आणि 'पाहिला' यांचे रकानेही वेगळे. फेब्रुवारी १९१३ मध्ये रिचर्ड लिडेकर या निसर्गशास्त्रज्ञाने लंडनच्या 'टाइम्स'च्या संपादकांना पत्र लिहून कुकू ऐकल्याचे कळवले. काही दिवसांतच त्यांचेच दुसरे पत्र आले, की तो आवाज जवळच्या बांधकामावरच्या एका मजुराने काढला होता. लिडेकर नवशिके नव्हते, त्यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अनेक वर्षे काम केले होते. आपल्या जंगलात तर भृंगराज आणि पर्णपक्षी दिवसभर इतरांच्या नकला करतात.

पक्ष्यांना खाऊ घालणे हा तिकडचा हिवाळी धर्म, कारण दिवस तोकडा आणि जमीन गोठलेली. आपल्याकडे हिवाळ्यात दाण्याची ददात नाही, ददात असते मार्च ते मेमध्ये पाण्याची. म्हणून दाण्याचा डबा टांगण्यापेक्षा मातीचे पसरट परळ ठेवा. पाणी कडेला दोन आणि मध्ये चार-पाच सेंटीमीटरहून खोल नको, आत एक खडबडीत दगड हवा. चिनी मातीच्या गुळगुळीत ताटलीत पक्षी घसरतो. जागा सावलीची, झुडपापासून दोन-तीन मीटर दूर, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. पाणी रोज ओतून टाका आणि भांडे नारळाच्या काथ्याने घासून उन्हात वाळवा. याचे कारण डासांइतकेच रोगाचे. इंग्लंडात २००५ पासून ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग दाण्यापाण्याच्या सामाईक जागांवरून पसरला आणि ग्रीनफिंच इतके घटले, की २०२१ मध्ये तो पक्षी तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. प्रेमाने ठेवलेली घाणेरडी भांडी मारतात, हे तिथे फार उशिरा कळले.

शेतकरी बांधवांसाठी दोन गोष्टी. इंग्लंडमध्ये काही अपवाद सोडता १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेताच्या झुडपी कुंपणांची छाटणी करता येत नाही, त्याचे स्वतंत्र नियम २०२४ मध्ये झाले. आपल्याकडे नेमके याच दिवसांत बांध जाळले जातात आणि त्याच वेळी निर्गुडी, करवंद, शेर यांच्या कुंपणांत बुलबुल, सातभाई यांची पिले असतात. छाटायचेच तर सुगी आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत छाटावे आणि एका वर्षी एकाच बाजूचे. दुसरी गोष्ट चंडोलाची. तिकडे गव्हाच्या शेतात हेक्टरी दोन, सुमारे १६ चौरस मीटरचे तुकडे न पेरता सोडतात. मेपर्यंत गहू दाट वाढतो, चंडोलाच्या भाऊबंदाला, स्कायलार्कला, त्यात उतरता येत नाही आणि दुसरी वीण बुडते. या मोकळ्या तुकड्यांत तो उतरतो, किडे टिपतो. तुकडे ट्रॅक्टरच्या चाकोरीपासून लांब ठेवतात, कारण कोल्हे चाकोरीने फिरतात. हेक्टरमागे ३२ चौरस मीटर म्हणजे काहीच नाही. चिकोडी-अथणीच्या उसाला हा मापदंड जसाच्या तसा लागू नाही, पण हरभरा-गव्हाच्या रानात करून पाहण्यासारखा आहे.

दुर्बीण घेणाऱ्यांनी ८×४२, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची घ्यावी. दहापट मोठी दाखवणारी हातात थरथरते आणि झाडीत पक्षी सापडत नाही. आपल्या पावसाळ्यात ती चामड्याच्या पिशवीत ठेवली तर एका मोसमात भिंगावर बुरशी चढते. झाकणबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. घरट्याचे फोटो काढण्यासाठी आडवी पाने कापू नका. पानांबरोबर सावली जाते आणि कावळ्याला वाट मोकळी होते.

संपादक महोदय, एक विनंती. येत्या हस्त नक्षत्रापासून पत्रव्यवहाराच्या सदरात आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा द्यावी, त्यात फक्त गाव, तारीख, पक्षी किंवा झाड, आणि 'दिसला' की 'नाही'. येळ्ळूर, नंदगड, निपाणी, गोकाक येथून एकाच पांढऱ्या धोब्याच्या चार तारखा आल्या, तरी तो आपल्या भागात कोणत्या बाजूने उतरतो हे दोन-तीन हिवाळ्यांत सांगता येईल.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, टिळकवाडी, बेळगाव