दुसऱ्याच्या लढाईत आपण का पडावं?

नागपूर

ती. बाबा आणि आई यांना शि. सा. नमस्कार.

बाबा, पहिल्या महायुद्धात अमेरिका उगाच पडली की नाइलाजानं, हा पारावरचा वाद तुम्ही सांगत होता आणि फोनची रेंजच गेली. म्हणून लिहिते.

पाणबुड्यांमुळे पडली, हे तुमच्या मंडळींचं म्हणणं खोटं नाही. मे १९१५ मध्ये जर्मनीनं लुसिटानिया हे ब्रिटिश जहाज बुडवलं, त्यात १२८ अमेरिकन गेले. (प्रवासी जहाज खरं, पण पोटात काडतुसांच्या पेट्याही होत्या.) तरी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन जवळजवळ दोन वर्षं बाहेर राहिले, १९१६ ची निवडणूकही त्यावरच जिंकले. फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीनं पुन्हा दिसेल ते जहाज बुडवायला घेतलं. वर मेक्सिकोला अमेरिकेच्याच टेक्सासचं आमिष दाखवणारी जर्मनीची तार उघड झाली, मग लोक खवळले.

पण तटस्थ म्हणवणारा देश विकत कुणाला होता, ते पाहा. कापसाचंच घ्या. १९१४ मध्ये लढाई लागली तसा अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचा भाव पडला, गाठी पडून राहिल्या. पुढच्या ऑगस्टात ब्रिटननं जर्मनीकडे जाणारा कापूस साफ बंद केला, कारण त्यापासून स्फोटकं होतात. शेतकरी बोंबलू नयेत म्हणून मग ब्रिटननं स्वतःच खरेदी करून भाव सावरला. बँकांची कर्जंही मुख्यतः ब्रिटन-फ्रान्सलाच. धुऱ्याच्या भांडणात एकाच भावाला उधारीवर काठ्या द्यायच्या, आणि म्हणायचं मी कुणाचाच नाही!

नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस हेच सांगत होते. समुद्रात जहाजांना मनाई ब्रिटननंही केली, जर्मनीनंही. दोघांना सारखं वागवा, सोन्याच्या, म्हणजे पैशाच्या, हुकमावर लढाईत पडू नका. मला ते पटतं. पण युद्धाच्या ठरावावर सिनेटमध्ये ते ८२ विरुद्ध ६ असे हरले. खालच्या सभागृहात ३७३ विरुद्ध ५०. आई, त्या पन्नासांत तिथं निवडून आलेली पहिली बाई होती, जेनेट रँकिन. १९४१ मध्ये जपानविरुद्धही ती एकटीच ‘नाही’ म्हणाली. तेव्हा मात्र हल्ला अमेरिकेवरच झाला होता, तिथं मी तिच्या बाजूनं नाही.

अमेरिकेची १ लाख १६ हजारांवर माणसं गेली, निम्म्याहून जास्त रोगराईनं. लोकशाहीसाठी लढलो, असं विल्सन म्हणत. पारावर कुणी तेच म्हणालं तर विचारा, त्याच बाजूनं समुद्रापार गेलेल्या दहा लाखांवर हिंदी माणसांच्या देशाला कुणी विचारलं होतं?

पऱ्हाटीवर फवारणी करायला स्वतः जाऊ नका. आई, तू लक्ष ठेव.

तुमची लेक