साउथ माउंटनविषयी, सगळं सविस्तर

फिनिक्स
रविवार सकाळ

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने घरच्या ग्रुपवर टाकलेला माझ्या पोटरीचा तो फोटो तुम्ही पाहिलात आणि त्यानंतरच्या दोन्ही फोनवर आई जेमतेम बोलली. चूक माझीच आहे. 'रविवारी थोडी सायकल चालवते' एवढंच मी सांगत आले, कुठे चालवते ते सांगितलं नाही. फोनवर आई मध्येच 'पुरे' म्हणते आणि बाबा गप्प होतात, म्हणून आता लिहूनच काढते.

ठरलंय ते आधी सांगते. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघं साउथ माउंटन डोंगरावरच्या नॅशनल ट्रेल या वाटेचा पूर्वेकडचा उतार सायकलने उतरणार आहोत, बुएना व्हिस्टाच्या माथ्यावरून पिमा कॅन्यनपर्यंत. एक गाडी खाली लावून ठेवायची आणि दुसरीतून सायकली घेऊन डांबरी रस्त्याने वर जायचं. हे आता बदलणार नाही. पण तुम्हाला पटल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा एवढा पसारा.

बाबा, हा डोंगर फिनिक्स शहराच्या हद्दीतच आहे. 16,000 एकरांहून मोठं राखीव रान आणि दोन्ही अंगांना वस्ती. 1924 साली शहराने यातली सुमारे 13,000 एकर जमीन केंद्र सरकारकडून 17,000 डॉलरला घेतली. पुढे मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी रस्ते आणि दगडी निवारे बांधले. ते दगडकाम आजही जागचं हललेलं नाही. तुम्ही आलात की आधी त्या भिंतींवरून हात फिरवाल, मला ठाऊक आहे.

पूर्वेकडचा भाग ग्रॅनाइटचा. ऊन-वारा खाऊन तो झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि खालच्या कातळावर पसरतो. फरशीवर ज्वारी सांडली की पाय जसा सटकतो, तसंच चाक सटकतं. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात शिरताना पुढचा ब्रेक सुटलेला हवा. वळणात तो करकचून दाबला की पुढचं चाक निसटतं, आणि मग सावरायला वेळ मिळत नाही.

यापेक्षा जास्त जपायचं ते दगडी पायऱ्यांवर. पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकतं, त्याच वेळी माणूस घाबरून पुढचा ब्रेक दाबतो आणि हँडलवरून पुढे पडतो. आई, हे लपवण्यात अर्थ नाही, इथले बरेच अपघात असेच होतात. त्यावर उपाय आहे आणि तो शिकता येतो. सीट बटण दाबून पूर्ण खाली घ्यायची (ड्रॉपर म्हणतात त्याला), दोन्ही पॅडल आडव्या रेषेत, टाचा खाली, कोपरं बाहेर, छाती हँडलजवळ. फार मागे रेलायचं नाही, नाहीतर पुढचं चाक हलकं होऊन आपलं ऐकत नाही. ब्रेकवर एकच बोट. नजर ज्या दगडाची भीती वाटते त्यावर ठेवायची नाही, त्याच्या पलीकडे ठेवायची. गेला सबंध हिवाळा मी डेझर्ट क्लासिक या सौम्य वाटेवर हेच घोटवलं.

आणि जिथे जमणार नाही तिथे उतरायचं. नॅशनलवर 'वॉटरफॉल' नावाचा एक टप्पा आहे. नाव धबधब्याचं, पाणी नाही, मोठमोठ्या दगडांची उतरण आहे. तिथे मी सायकल उचलून चालत जाणार, हे चौघांत आधीच सांगून ठेवलंय. वर उभं राहून 'जमेल का?' असा प्रश्न पडला, की त्या दिवसापुरतं उत्तर 'नाही' असं धरायचं. कधी उतरायचं हे ज्याला कळतं, त्याच्याबरोबरच मी जाते.

सायकलीचंही सांगते. बाबा, तुमच्या ऍटलासशी हिचं फक्त चाकांपुरतं नातं आहे. पुढे-मागे 140 मिलिमीटरचं सस्पेन्शन, वजन 15 किलो. मागच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्का झेलणाऱ्या नळीत, इतकीच हवा भरायची की मी नुसती बसले तर तो साधारण 30 टक्के दबेल. त्याहून कडक ठेवला तर प्रत्येक दगड कमरेला कळतो, मऊ ठेवला तर पॅडल खडकावर आपटतं. टायरमध्ये ट्यूबच नाही. आत चिकासारखं पातळ द्रव असतं, काटा घुसला की ते भोकात जाऊन घट्ट होतं. इथल्या कोरड्या हवेत ते लवकर आटतं, म्हणून मी दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून नवं घालते. हवा पुढे 21 आणि मागे 24 पीएसआय. याहून कमी ठेवली तर दगडावर रिम दणकते, जास्त ठेवली तर टायर मुरमावर टिकत नाही.

पाठीवरच्या पिशवीत काय असतं ते आईसाठी. मोठ्या भोकासाठी रबरी वाती, एक जादा ट्यूब, हातपंप, साखळी तोडायचं अवजार, साखळीची जोडकडी. एक जादा हँगरही असतो. गिअरची यंत्रणा ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेली असते तो हँगर. दगड लागला की मुद्दाम तोच वाकतो किंवा तुटतो, म्हणजे फ्रेम वाचते. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा उधार चालत नाही. शिवाय तीन लिटर पाणी, त्यात सैंधव, साखर, लिंबू, आणि तू पाठवलेली राजगिऱ्याची चिक्की. गुडघ्यांना आणि नडगीला पॅड, पायात चिकट तळव्याचे बूट. हेल्मेट या वर्षीचं आहे, आणि एकदा जरी आपटलं तरी बाहेरून बरं दिसो न दिसो, ते टाकून द्यायचं.

आता तो फोटो. माझ्या पोटरीला लागलेलं ते कसलं जनावर नव्हे, चोया नावाच्या निवडुंगाचा तुकडा आहे. लोक म्हणतात तो उडी मारतो. तसं काही नाही, त्याचा सांधा इतका नाजूक असतो की नुसता ओझरता स्पर्श झाला तरी तुकडा तुटून आपल्याबरोबर येतो. काट्यांना उलटे बारीक दात असतात, त्यामुळे हाताने ओढायला गेलं की तो हातालाच चिकटतो. इथे लागतो तो रुंद दातांचा साधा कंगवा. कातडी आणि तुकडा यांच्या मधून तो सरकवायचा आणि एका झटक्यात बाहेरच्या बाजूला उडवायचा, त्या दिशेला कुणी उभं नाही ना हे पाहून. मागे राहिलेले काटे चिमट्याने एकेक, घुसले त्याच रेषेत बाहेर ओढून. मग साबणाने धुवायचं. हे करताना दर वेळी तू आठवतेस, आई. अंगणातल्या पायरीवर माझा पाय मांडीवर घेऊन, सेफ्टी पिन दिव्यावर धरून, आधी फुंकर मग काटा. इथे फुंकर घालणारं कुणी नाही, बाकी सगळं नीट होतं.

उन्हाचं म्हणाल तर तीच खरी भीती, आणि ती मी पूर्ण मानते. 2023 मध्ये इथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला होता. उन्हाळ्यात मी डोंगराकडे फिरकत नाही. नोव्हेंबरअखेर सकाळी अंगात जॅकेट लागतं. रॅटलस्नेक, म्हणजे इथले विषारी साप, थंडीत फारसे बाहेर नसतात. दिसलाच तर सायकल थांबवून लांब उभं राहायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना वाट आधी, सायकलने थांबायचं, हा इथला नियम आहे. वाटेवर बऱ्याच ठिकाणी फोन लागतो, आणि शहराच्या अग्निशमन दलाचं डोंगरातून माणसं खाली आणणारं पथक आहे. याची वेळ येणार नाही, पण ते आहे हे तुम्हाला माहीत असू दे.

बाकी माझं उत्तम चाललंय. नवी गादी कडक आहे, बाबा म्हणाले होते तशीच. वरण-भात रोज होतो. आंबेमोहोर इथल्या दुकानात मिळायला लागलाय, येताना ओझं आणू नका.

आता माझं ऐका. बाबा, अजिंक्यताऱ्यावर चपलेवर जाणं बंद. पाऊस सरला तरी सावलीतल्या दगडांवर शेवाळ राहतं. बूट घाला, काठी घ्या आणि उतरताना गुडघा किंचित वाकलेला ठेवा, ताठ ठेवलात तर सगळा धक्का सांध्यात जातो. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. आई, बीपी मोजताना पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकवून, हात टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे, बरा दिसतो तेवढाच नव्हे. माळ्यावरचे दिवाळीचे डबे काढायला स्टुलावर तू चढायचं नाहीस, दादाला हाक मार. त्या वर्षीचं अजून कुणी विसरलेलं नाही.

त्या शनिवारी आम्ही इथल्या सव्वासातला निघू, तेव्हा तुमच्याकडे पावणेआठ झालेले असतील संध्याकाळचे. जेवून घ्या, माझ्यासाठी ताटं अडवून बसू नका. खाली उतरलो की दहाच्या सुमाराला मी फोन करेन, म्हणजे तुमचे रात्री साडेदहा. पंक्चर झालं तर अर्धा तास उशीर होईल, तो धरून चाला. अकरा वाजले तर दादाला फोन लावायला सांगा. त्याच्याकडे चौघांचेही नंबर दिले आहेत.

आणि आई, फोन तूच उचल.

तुमची,
मनू