दुसऱ्या टँकला पहिल्याचे विरजण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात फिश टँक आला की वर्ष-दोन वर्षांत दुसरा येतोच. गप्पीची पिल्ले मावेनाशी होतात, सुट्टी लागली की मुलांना वेगळ्या जातीचे मासे हवे असतात, किंवा ओळखीतले कुणी घर बदलताना आपला टँक देऊन टाकते. आनंदाची गोष्ट आहे. पण पहिला टँक व्यवस्थित चाललेल्या घरीही दुसऱ्यातले मासे आठ-दहा दिवसांत एकामागून एक मरताना दिसतात, आणि दोष पाण्याला, दुकानदाराला नाहीतर नशिबाला दिला जातो. खरे तर दुसरा टँक पहिल्यापेक्षा कितीतरी सोपा असायला हवा. त्याला लागणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरात आधीच असते. आपण ती वापरत नाही, म्हणून हे पत्र.

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक आहेत. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि आठवड्याला पाव भाग पाणी बदलले की आटोक्यात राहते. कोऱ्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. दुसऱ्या टँकला एवढे थांबावे लागत नाही. दुधाला विरजण लावावे तसा पहिल्या टँकमधला चालू स्पंज नव्यात आणला की झाले.

याची उत्तम पद्धत अशी. दुसरा टँक घ्यायचे ठरले की आधी एक साधा स्पंज फिल्टर आणा आणि तो महिनाभर पहिल्या टँकमध्ये, तिथल्या फिल्टरच्या जोडीला चालू ठेवा. महिन्याने तो उचलून नव्या टँकमध्ये लावला की जिवाणूंची वस्ती तयारच मिळते. तेवढा वेळ नसेल तर पहिल्या टँकच्या फिल्टरमधला जास्तीत जास्त एक तृतीयांश स्पंज किंवा सिरॅमिक रिंग काढून घ्या. त्याहून जास्त काढले तर पहिल्याच टँकचा अमोनिया वाढतो. काढल्यावर आठवडाभर तिथे खाद्य निम्मे द्या. पहिल्या टँकमध्ये मासे आजारी असतील तर मात्र काहीही हलवू नका, कारण जिवाणूंबरोबर रोगही येईल.

चूक होते ती इथून पुढे. स्पंज काळा-तपकिरी दिसतो म्हणून नळाखाली खळाखळा धुतला जातो, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन तर जिवाणू मारण्यासाठीच असते. स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा हलका पिळा, तेवढे पुरे. तो कोरडा पडू देऊ नका. पहिल्या टँकच्याच पाण्यात बुडवून न्या आणि तासाभरात नव्या टँकमध्ये चालू करा. अनेकजण स्पंजऐवजी जुन्या टँकचे बादलीभर पाणी ओततात. त्याचा उपयोग नगण्य, कारण हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, पाण्यात फार थोडे तरंगतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले तर घाबरून सगळे पाणी फेकू नका आणि खडी धुऊ नका. तो दुसऱ्याच प्रकारच्या जिवाणूंचा तात्पुरता उद्रेक असतो आणि काही दिवसांत आपोआप बसतो. सगळे धुतले की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

टँक तयार झाला की नाही, हे मासे सोडून पाहायचे नसते. त्याची चाचणी माशांशिवाय घेता येते. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, रसायनांच्या दुकानातून शुद्ध स्वरूपात आणा. कल्हईसाठी मिळणारा नको. १० ग्रॅम नवसागर १ लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे ३५ मिली ५५ लिटर पाण्यात टाकले की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. चोवीस तासांनी टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही तपासा. दोन्ही शून्य असतील तर टँक तयार. अमोनिया शून्य पण नायट्राइट दिसत असेल तर जिवाणूंचा दुसरा गट अजून कमी आहे. तीन-चार दिवस थांबून पुन्हा तपासा. चाचणी पास झाली की निम्मे पाणी बदला आणि दोन दिवसांच्या आत पहिले मासे सोडा. उपाशी ठेवले तर जिवाणूंची संख्या घटू लागते. सुरुवातीला चार-पाच लहान मासे, पुन्हा तपासणी, आणि मग आठवड्याने बाकीचे. हा नवसागर मासे असलेल्या टँकमध्ये कधीही टाकायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

टेस्ट किट महाग वाटते, पण चार वेळा मेलेल्या माशांच्या किमतीपेक्षा ते स्वस्तच पडते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की लोक एअर पंप वाढवतात. पुष्कळदा कारण नायट्राइटचे असते. नायट्राइट रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते, कल्ले तपकिरी पडतात. अशा वेळी लगेच एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदला आणि लिटरला १ ग्रॅम जाडे मीठ विरघळवून टाका. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

आता पाणी. आपल्याकडे एकाच गल्लीत दोन प्रकारचे पाणी असते. धरणाचे नळाचे पाणी बहुधा मऊ, तर दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे जड. पहिला टँक नळाच्या पाण्यावर आणि दुसरा बोअरच्या, असे झाले तर दोन्हींचे गणित वेगळे. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा, जड पाण्यात बहुधा जास्त असतो. तो ७ असताना २५ अंशाला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, तोच पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे जड पाण्याच्या टँकमध्ये तेवढाच अमोनिया जवळजवळ दहापट घातक ठरतो. बोअरवाल्यांनी मोली, प्लॅटी, गप्पी पाळावेत; त्यांना जड पाणी मानवते. निऑन टेट्रासारख्या मासोळ्या मऊ पाण्यातल्या. नुसते आरओचे पाणीही भरू नये. त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पीएच घसरायला लागला की सावरणारे काही उरत नाही. आरओच्या टाकाऊ नळीचे पाणी तर नकोच.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, पावसाळ्यात जास्त. सोसायटीच्या टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकलेल्या दिवशी पाणी बदलू नका. इतर वेळी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुरते. १०० ग्रॅम हायपोचे १ लिटर द्रावण करून गडद रंगाच्या बाटलीत ठेवा. १५ लिटरच्या बादलीला १ मिली हे लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीनसाठी पुरेसे आहे; पाण्याला वास येत असेल तर २ मिली. हायपो बादलीत आधी मिसळायचा, मग पाणी टँकमध्ये ओतायचे.

टँक कोणता घ्यावा? दुसऱ्यासाठी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १५ इंच उंच हे माप सोयीचे. वरून दोन इंच मोकळे सोडले की त्यात साधारण ५५ लिटर पाणी मावते. काच ६ मिलिमीटरची. १० किलो खडी आणि काचेसह वजन ८० किलोच्या आसपास जाते, म्हणून पहिल्याच स्टँडच्या खालच्या फळीवर तो ठेवण्याआधी ती फळी एवढ्या वजनासाठी आहे का ते बघा. तळाखाली थर्माकोलची सपाट शीट हवी, आणि चारही कोपरे पाणसळीने तपासलेले. मिळालेला जुना टँक असेल तर बाहेर फरशीवर काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा, सांध्यातून पाझर दिसेल. धुताना साबण नको, मीठ आणि पाणी पुरे. खडीवर लिंबू पिळून बघा, फसफसली तर तिच्यात चुना आहे आणि ती पाणी जड करत राहील.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. वीज गेली की नळीतून पाणी उलटे येऊन पंप, प्लग आणि भिंत सगळे भिजवते. प्रत्येक वायर प्लगला जाण्याआधी खाली झोका घेऊन वर चढली पाहिजे, म्हणजे ओघळणारा थेंब झोक्याच्या तळाशी गळतो. हीटर लिटरला १ वॅट या हिशोबाने. मुंबईत तो क्वचित लागतो, पुणे-नाशिक-नागपूरच्या थंडीत लागतोच. पाणी बदलण्याआधी १५ मिनिटे हीटर बंद करा, तापलेली नळी हवेत उघडी पडली की तडकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट अडचण. पाण्यावर छोटा पंखा लावून झाकण उघडे ठेवले की दोन-तीन अंश उतरतात. बर्फाने एकदम गार करू नका. लोडशेडिंगच्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्याच. बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू पाणी थांबल्यावर काही तासांत गुदमरतात, आणि वीज आल्यावर तो डबा तसाच सुरू केला तर आतली सगळी घाण टँकमध्ये येते. आधी तो टँकच्याच पाण्यात खंगाळा.

आता ज्यासाठी आमचा सर्वांत जास्त आग्रह आहे ते सांगतो. दुसरा टँक शोभेसाठी वापरण्याआधी निदान एकदा तरी विलगीकरणासाठी वापरा. दुकानातून आणलेला मासा सरळ पहिल्या टँकमध्ये सोडल्यामुळे वर्षानुवर्षे सुखात असलेले मासे चार दिवसांत गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. नवे मासे दुसऱ्या टँकमध्ये चार आठवडे ठेवा. या काळात खडी नको, उघडा तळ, लपायला फुटका माठ किंवा पाइपचा तुकडा, आणि तो विरजण लावलेला स्पंज. जाळी, सिफनची नळी आणि बादली दोन्ही टँकना वेगवेगळी हवी. एकच जाळी दोन्हीकडे फिरली तर विलगीकरण केले काय, न केले काय, सारखेच.

सर्वांत जास्त दिसणारा रोग म्हणजे पांढरे ठिपके, मिठाचे दाणे अंगावर टाकल्यासारखे. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो गळून तळाशी जातो, फुटतो आणि त्याची पिल्ले पोहत नवा मासा शोधतात, तेवढ्याच टप्प्यात औषध लागू पडते. २५ अंशाला हे चक्र आठवडाभराचे, गार पाण्यात त्याहून बरेच लांब. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की तिसऱ्या दिवशी औषध थांबवणे ही चूक आहे. उपचार किमान दोन आठवडे हवा. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, फिल्टरच्या जिवाणूंना मारते. ते वापरायचे तर स्पंज काढून पहिल्या टँकमध्ये परत ठेवू नका, रोग तिकडे जाईल. तो वेगळ्या बादलीत एअर पंपवर चालू ठेवा आणि औषध असेतो रोज पाव ते निम्मे पाणी बदला. बदललेल्या पाण्यापुरते औषध पुन्हा टाका.

मासे निवडताना एकच विनंती. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश या २ फुटी टँकमध्ये सोडू नका. गोल्डफिश भरपूर घाण करतो आणि मोठा होतो. या मापात नऊ काय, दोनही जास्त आहेत. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी पिल्लू मासा पंगॅशियस असतो, तो तीन फुटांच्या पुढे वाढू शकतो. काच साफ करतो म्हणून दिलेला सकर फूट-दीड फूट होतो. मग असे मासे नदीत सोडले जातात. सोडणाऱ्याला वाटते जीव वाचवला. मूळचा दक्षिण अमेरिकेतला सकर केरळमध्ये आणि कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत असाच पसरला आहे. तो तिथल्या जाळ्यांचे नुकसान करतो आणि स्थानिक माशांच्या वाट्याचे अन्न व जागा घेतो. शोभेचा कोणताही मासा, अगदी गप्पीसुद्धा, नदी-नाल्यात सोडू नये. नको असलेला मासा दुकानात परत द्यावा किंवा मोठा टँक असलेल्या हौशी माणसाकडे सोपवावा.

मासेविक्रेत्यांनी दोन गोष्टी कराव्यात. टँकबरोबर त्याच दिवशी मासे देऊ नयेत, गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी. आणि प्रत्येक जातीच्या किमतीच्या पाटीवर तो मासा पूर्ण वाढल्यावर किती इंचांचा होतो ते लिहावे.

आपले,
काही हौशी मत्स्यपालक, पुणे