नंदे, पोटाचं आणि त्या संमोहनाचं सांगते

प्रिय नंदे,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. लग्नाला जायचं म्हणून आदल्या दिवसापासून जेवण बंद, एसटीत बसायच्या आधी तीनदा जाऊन आलीस आणि तरी कराडला बस थांबवावी लागली, ऐकून मला रडूच आलं गं. कारण माझे ते दिवस मी अजून विसरले नाहीये. बदलापूर ते दादर, लोकलला टॉयलेट नसतं, मग पोटात कळ आली की मिळेल त्या स्टेशनवर उतरायचं, कुठल्या स्टेशनला ते कुठल्या टोकाला आहे हे मला पाठ होतं, आणि ऑफिसात रोज नवीन कारण सांगायचं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, म्हणजे तपासणीत आतड्यात काही दिसत नाही पण पोट सारखं दुखतं, बिघडतं, आणि घरात सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला की हिला काही झालेलंच नाही.

तुला मी संमोहनाचं कधीच बोलले नाही, कारण तू घाबरली असतीस. मीही घाबरलेच होते. आपल्या गॅदरिंगला तो माणूस आलेला आठवतो ना, वर्गातल्या मुलाला स्टेजवर घेऊन कांदा सफरचंद म्हणून खायला लावलेला आणि सगळी शाळा हसत होती? मला वाटायचं तसंच काहीतरी करतील, आपण बेशुद्ध आणि तोंडातून काय काय निघेल. पण माझ्या पोटाच्या डॉक्टरांनीच एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं म्हणून गेले.

आणि तसलं काही नसतं नंदे. खुर्चीत टेकून डोळे मिटायचे, पायाच्या बोटांपासून अंग सैल सोडत वर यायचं, त्या शांत आवाजात आकडे मोजतात आणि बाकीचे विचार मागे मागे जातात. मला खालच्या भंगारवाल्याची आरोळीसुद्धा ऐकू येत होती, वाटलं असतं तर उठून आले असते. झोप नाहीच ती. ज्या मँचेस्टरच्या डॉक्टरने, जेम्स ब्रेडने, 1840 च्या दशकात ग्रीकमधल्या झोपेच्या शब्दावरून हिप्नॉटिझम नाव रुळवलं, त्यालाही नंतर ते नाव चुकलं असं वाटून त्याने दुसरं सुचवलं होतं. आणि त्याच मँचेस्टरमध्ये 1984 साली डॉ. व्हॉरवेल यांनी आयबीएसने बेजार झालेल्या 30 पेशंटवर अभ्यास केला, ज्यांना पोटासाठीचं संमोहन दिलं त्यांना बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त आराम पडला. आज ब्रिटनच्या सरकारी गाइडलाइनमध्ये पण आहे, वर्षभर औषधं घेऊनही फरक नसेल तर याचा विचार करा म्हणून. म्हणजे मी काही बाबाबुवाकडचं सांगत नाहीये.

मॅडमनी समजावलं की आतड्याला स्वतःचं नसांचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं, आपल्याला जरासा गॅस पण कळ म्हणून जाणवतो, मग भीती वाटते, भीतीने आतडं अजून आवळतं. ते बोलणं हलकं करायचं. त्यासाठी तळहात पोटावर ठेवून ऊब आत उतरतेय असं मनात आणायचं, आणि मग म्हणाल्या, वाहणारं काहीतरी तुमच्या ओळखीचं आठवा.

माझ्या डोळ्यांसमोर आपली कृष्णा आली. पण आली ती 2019 च्या पुराची, गढूळ, आयर्विन पुलाशी चढलेली, आणि माझा श्वासच वाढला. मॅडमनी घाई केली नाही, म्हणाल्या पाणी हळूहळू उतरू दे. त्या दिवशी नाही उतरलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला उतरलं, जानेवारीतली सकाळची नदी दिसली, घाटाच्या पायऱ्या, वर धुकं, आपण शाळेला जाताना थांबायचो तशी. अजूनही कळ येणार असं वाटलं की मी हात पोटावर ठेवते आणि ते पाणी बघते.

सेशन आठवड्यातून एक, आणि रोज रात्री त्यांचं रेकॉर्डिंग वीस मिनिटं. खरं काम त्या रोजच्या वीस मिनिटांनी केलं, हे मात्र लक्षात ठेव. महिनाभर मला काही वाटलंच नाही, सोडणारच होते. मग एक दिवस घाटकोपर गेल्यावर लक्षात आलं की ठाण्याला आज पोटाकडे लक्षच गेलं नव्हतं. पूर्ण गेलंय असं नाही, लग्नसराईत तिखट झालं की त्रास होतोच, पण मी आता उपाशी प्रवास करत नाही. सगळ्यांना सारखा गुण येत नाही हेही खरं, म्हणून आस ठेव पण हट्ट नको.

आधी मात्र नीट तपासून घे. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल तर संमोहन-बिंमोहन राहू दे, ताबडतोब डॉक्टर. आणि जायचं ते मानसशास्त्र रीतसर शिकलेल्या माणसाकडेच, मागचा जन्म दाखवतो, एका बैठकीत बरं करतो म्हणणाऱ्याच्या दारात पाय ठेवू नकोस, आधीच खचलेल्या माणसाला तिथे अजून घाबरवतात.

सांगलीत कोणी चांगलं मिळालं नाही तर इकडे ये, आठ दिवस राहा, मी सुट्टी टाकते. पहिल्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून राहीन. गाडी कुठली घ्यायची, कुठे थांबते, सगळं मी बघून ठेवते, तू फक्त जेवून नीघ.

तुझीच,
वैजू