टीव्ही खाली येतोय, बाबा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर काय होतं ते आपल्या तिघांनाही माहितीय. बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणणार, आई "जेवलीस का" विचारणार आणि मूळ विषय तिथेच राहणार. म्हणून टाइप करून पाठवतेय. वरच्या मजल्यावरच्या मुलांना सांगितलंय, ते मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून देतील, बाबांना भिंग शोधायला नको.

तर, टीव्ही घेतलाय. ५५ इंची. पैसे भरून झालेत, येत्या शनिवारी घरी येतोय. त्यामुळे आता "कशाला" म्हणायचं नाही.

बाबा, ३२ च्या वर जायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, माझ्या लक्षात आहे. आणि खरं सांगते, मी ३२ च बघायला गेले होते. मग ४३ वर आले. मग घरी येऊन रात्री आपल्या हॉलचा विचार करत पडले. दिवाळीत मी टेप घेऊन मापं काढत होते तेव्हा आईला वाटलं पडदे शिवायचेत, तर ते पडद्यांसाठी नव्हतं. दिवाणापासून समोरची भिंत पावणेनऊ फुटांवर आहे. तेवढ्या अंतरावरून आत्ताच्या टीव्हीवर खाली जी बातम्यांची पट्टी पळते ती तुम्हाला वाचता येत नाही. येत नाहीये बाबा, मी बघितलंय. पट्टी आली की तुम्ही "काय म्हणतोय गं?" विचारता आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून वाचून दाखवते, ती मागे धुणं वाळत घालायला गेली की तुम्ही खुर्ची सरकवत सरकवत पार भिंतीपाशी जाता आणि मान वर करून बघत बसता. ५५ चा पडदा ३२ च्या जवळजवळ तिप्पट असतो, इंच तिरके मोजतात ना, म्हणून आकडा दुपटीलाही पोचत नसला तरी क्षेत्रफळ तिप्पट होतं. तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हाला हे मी काय सांगायचं. ६५ पण होता, तो मात्र मलाच दांडगाई वाटली, पावणेपाच फूट रुंद, देवघराच्या कोनाड्यावर आला असता.

आणि स्टुलाचं मला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका आणि काकूंना बोलू नका. (बघा, सांगूनच टाकलं.) "काही लागलं नाही, फक्त कोपर" हे मला आठवडाभराने तिसऱ्याच माणसाकडून ऐकायला मिळावं याचं मला काय वाटलं असेल ते जाऊ दे. पण ७३ व्या वर्षी, एक डोळा ऑपरेशनचा आणि दुसरा "पावसाळ्यानंतर बघू" म्हणत दोन पावसाळे काढलेला, अशा माणसाने सात फुटांवरच्या सेट टॉप बॉक्सची वायर हलवायला स्टुलावर चढावं, तेही आई मारुतीला गेलेली असताना! मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून सुटले ती थेट दुकानात.

टीव्ही सात फुटांवर का गेला ते मला माहितीय. त्यावर मी कधी काही बोलले नाही, कारण ऑगस्ट २०१९ मध्ये मी तिथे नव्हते, तुम्ही होतात. महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं हे मी इथे बातम्यांत बघत होते आणि तुमचा फोन लागत नव्हता. घरात पाच फूट पाणी, शोकेसचं प्लाय पावासारखं फुगलेलं, जुना टीव्ही त्यातच. तेव्हा बाबांनी नव्या टीव्हीसाठी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेच्या वर दोन वीत मोजून खिळे मारले ते मला अगदी समजतं. रंग दिला तरी ती रेषा तुम्हाला दिसते, मलासुद्धा दिसते. पण बाबा, टीव्ही रेषेच्या वर ठेवला आणि तुमची मान रोज चार तास त्या रेषेकडे वर करून राहिली. मिरजेच्या डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला तेव्हा आपण सगळे उशीला दोष देत होतो.

म्हणून आता टीव्ही खाली येतोय. दिवाणावर बसल्यावर डोळ्यांच्या समोर पडद्याचा मध्य यायला हवा, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फूट. रेषेच्या खाली येतोय, हो, पूर्णच. पण मी विचार केलाय, ऐकून घ्या. हे टीव्ही आता पूर्वीसारखे धोंडे नसतात, ५५ इंची असून वजन पंधरा किलोच्या आसपास, तांदळाचं अर्धं पोतं. भिंतीवरच्या पट्टीला अडकवलेला असतो, खालचे दोन स्क्रू सैल केले आणि दोघांनी उचलला की सुटतो. वरच्या मुलांशी माझं बोलणं झालंय. आयर्विनचा आकडा ४० च्या पुढे गेला, इशारा पातळी आली, की दोघं येऊन टीव्ही सोडवून वर त्यांच्या खोलीत नेतील. ४५ ची, म्हणजे धोक्याच्या पातळीची, वाट बघायची नाही. आणि टीव्हीच्या आधी तुम्ही दोघं वर जायचं. त्या वेळी आजोबांचा रेडिओ वाचवायला जे केलंत ते परत नको.

आता कुठला घेतला आणि का, हे बाबांना हवंच असणार, नाहीतर फसवलं म्हणून बसाल.

दुकानात सगळे टीव्ही भगभगीत करून ठेवलेले असतात, पोपट, समुद्र, लाल मिरच्यांचे ढीग, सगळंच सुंदर दिसतं. मी त्याला म्हटलं हे बंद कर आणि साधी मराठी बातमी लाव सेट टॉप बॉक्सवरून. तो जरा नाराज झाला. पण तेव्हाच खरं कळतं. सगळ्यात भारी होता ओएलईडी, त्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो त्यामुळे काळं म्हणजे अगदी काजळ. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण त्यावर एकच चित्र रोज तासन्‌तास एकाच जागी राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. आपल्याकडे सकाळी सातपासून बातम्यांचं चॅनल, कोपऱ्यात तोच लोगो, खाली तीच पट्टी. आज ना उद्या देवाच्या फोटोमागे भिंतीवर उमटतं ना तसं झालं असतं. मग क्यूएलईडी. नावात एका अक्षराचा फरक, पण तो आपला नेहमीचा एलईडीच असतो, रंग उठावदार करणारा एक थर जास्त. चांगला होता, पण कडेने बघितला की फिका पडत होता. आणि आई कायम कडेनेच बघते, स्वयंपाकघराच्या दारातून, एका हातात झारा. म्हणून मी प्रत्येक टीव्हीच्या कडेला जाऊन उभी राहिले, विकणारा म्हणाला मॅडम समोरून बघा, मी म्हटलं आमच्याकडे समोरून फक्त बाबा बघतात. शेवटी आयपीएस पॅनलचा साधा फोर के एलईडी घेतला, त्यात काळं थोडं राखाडी दिसतं पण दारातून आईचा चेहरा दिसेल तसा चॅनलवाल्यांचाही नीट दिसतो. १२० हर्ट्झवाला, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, घ्या म्हणून तो मागे लागला होता, ते जास्त करून गेम खेळणाऱ्यांना. एट के तर बोलूच नका, तेवढं दाखवणारं चॅनल तरी कुठाय.

पैशांचं. ४५ हजारांच्या आत बसला. तुम्ही म्हणत होता थांब, भाव उतरतील, तर उतरलेच, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे तुमचंच ऐकलं असं समजा. दादा निम्मे देतो म्हणत होता, मी नको म्हटलं, का ते तुम्हाला माहितीय, आणि त्यावरून त्याला फोन करू नका प्लीज. लाइट बिलाची काळजी करू नका, रोज सहा तास चालला तरी पाऊण-एक युनिट.

एक मात्र करावं लागेल. तो जुना सेट टॉप बॉक्स, पिवळी-लाल-पांढरी वायरवाला, तो जाणार. त्यातून येणाऱ्या चित्रात ५७६ ओळी असतात आणि नव्या पडद्यावर २१६०, तेवढंसं चित्र एवढं ताणलं की सगळ्यांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसतात, आणि मग तुम्ही म्हणणार ३२ च बरा होता. म्हणून एचडीचा बॉक्स आणि जाड टोकाची एचडीएमआय वायर, दोन्ही सांगून ठेवलंय. पॅकचे महिन्याचे पैसे थोडे वाढतील ते माझ्या खात्यातून जातील. आई, तुझी सगळी चॅनल्स आहेत, सह्याद्री पण आहे, मी एक एक करून तपासलीत.

दुकानात उभी असताना मला आपला शटरचा टीव्ही आठवला. लाकडी दारं, मधे कुलूप. परीक्षा आली की आई कुलूप लावायची आणि किल्ली हिंगाच्या डबीत. मला माहिती होतं गं. तू वाण्याकडे गेलीस की मी काढायचे, आणि तू आल्यावर माझे हात का हुंगायचीस ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. आणि बाबा, २२ एप्रिल १९९८. माझा दुसऱ्या दिवशी भूगोलाचा पेपर होता, शारजात वाळूचं वादळ येऊन मॅच थांबली होती. तुम्ही रात्री मला हलवून उठवलंत, स्वतः डबीतून किल्ली काढलीत आणि म्हणालात "आईला सांगायचं नाही." सचिनच्या १४३. आपण मॅच हरलो तरी फायनलला गेलो आणि तुम्ही आवाज बारीक करून, टॉवेल तोंडाशी धरून ओरडत होतात. आई जागी होती ना गं? मला नक्की वाटतं तू जागी होतीस. त्या टीव्हीवर चेंडू दिसायचाच नाही, बॅट फिरली की आपण अंदाजाने बघायचो. आता चेंडूची शिवण दिसेल बाबा.

आणखी एक, हे कसं लिहावं कळत नाहीये. पुण्याला या, हे मी आता म्हणणार नाही. तीन वर्षं म्हणतेय, आणि प्रत्येक वेळी आई रडवेली होते आणि बाबा दोन दिवस गप्प. इथल्या तुमच्या खोलीत मी टीव्हीचा पॉइंट काढून ठेवला होता, भिंतीत वायर घालून. परवा तिथे ओमचं अभ्यासाचं टेबल लावलं. खोली तुमचीच आहे, गादी तशीच आहे, कधीही या, चार महिने राहा. पण मोठा टीव्ही सांगलीत, आपल्या गावभागातच लागणार, हे मी माझ्याशी ठरवलं, रागाने नाही हं. तुम्हाला कृष्णेचं पाणी घरात आलेलं चालतं पण लिफ्ट चालत नाही, आता याला कोण काय करणार.

बरं, शनिवारचं नीट वाचा. अकरा ते एक मधे येतील. खोका उभाच आणायला लावायचा, आडवा ठेवू द्यायचा नाही. आधी उघडून, लावून, चित्र बघून, काच कुठे तडकली नाही ना बघून मगच ओटीपी सांगायचा, ते घाई करतील, करू देत. भिंतीवर साडेतीन फुटांची खूण मी दिवाळीतच पेन्सिलने केलीय, कॅलेंडरच्या मागे. खोका पंधरा दिवस टाकू नका, माळ्यावर ठेवा. नंतर कोणी फोन करून "टीव्ही चालू करून देतो, नंबर सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा, काही चालू करायचं राहिलेलं नसतं. आई, ओलं फडकं अजिबात नाही, काचेचा फवारा पण नाही, कोरडं मऊ कापड, आणि क्रोशाचा रुमाल वरून घालू नकोस, तो आता बसतच नाही, पडद्यावर लोंबेल. वळवाचा पाऊस आला, विजा सुरू झाल्या की प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढायच्या. प्लग खाली आहे, वाकून निघतो. आवाज सुरुवातीला बाबांना पुटपुटल्यासारखा वाटेल कारण स्पीकर मागे-खाली असतात, सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करायची सोय आहे, ते मी गणपतीत आले की करून देईन. नाहीच जमलं तर छोटा स्पीकर आणू. त्यावरून आत्ताच भांडू नका.

आणि डाव्या डोळ्याची तारीख मी जूनच्या पहिल्या आठवड्यातली घेतलीय, पावसाळ्याच्या आधीची. मी येतेय सोबत, सुट्टी टाकली. एवढा मोठा टीव्ही काय एका डोळ्याने बघणार?

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल, टीव्हीवाल्यांच्या पाठोपाठ ते पार्सल पण येईल. जेवणाच्या वेळा सांभाळा. शनिवारी लावून झाला की व्हिडिओ कॉल करा, फोन टीव्हीकडे नको, तुमच्याकडे धरा.

तुमची,
मनू

ता. क. स्टूल मी वरच्या मुलांना देऊन टाकलंय. उद्या ते न्यायला येतील. बाबा, दार उघडा.